पिवळ्या काचांचा चष्मा

मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मला वाटलं, चला, एक टेन्शन गेलं. उलटंच झालं.

आधी मामा काय काम करतो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये नामदेव शेठचं यार्ड आहे. बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुने गज, शाफ्ट, तुकडे येतात. सगळं मिक्स, सगळं काळं, सगळं गंजलेलं. पण आत तीन जाती असतात. एमएस म्हणजे साधं मऊ लोखंड. ईएन-आठमध्ये कार्बन जास्त. ईएन-एकतीसमध्ये त्याहून जास्त, ते बेअरिंगवालं, कडक. एखादा एमएसचा तुकडा एकतीसच्या ढिगात गेला आणि कोणी त्याचा पार्ट बनवला, तर तो महिनाभरात झिजतो आणि गिऱ्हाईक शेठच्या दारात उभं राहतं.

म्हणून मामा प्रत्येक तुकड्याला ग्राइंडर लावतो, ठिणग्या बघतो आणि सांगतो. मग तुकड्याच्या टोकाला रंग मारतो. आठला पिवळा, एकतीसला निळा, एमएस तसंच. बावीस वर्षं हेच काम. मार्केटमध्ये भगवान म्हटलं की लोक विचारतात, ठिणगीवाला का?

शेठचा मुलगा दिपेश, त्याने मधे एका मशीनवाल्याला बोलावलं होतं. बंदुकीसारखं मशीन, लोखंडाला टेकवलं की आकडे दाखवतं. माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, हे मँगनीज दाखवेल, क्रोमियम दाखवेल, कार्बन नाही दाखवणार. कार्बनवालं मशीन वेगळं येतं आणि लय महाग. शेठने त्याला चहा पाजून परत पाठवला.

मी रोहन. मामाच्याच घरी राहतो आणि त्याच यार्डात वजनकाट्यावर बसतो. गाडी काट्यावर चढते, वजन करतो, पावती फाडतो. दोन गाड्यांच्या मधे वाचतो. बारावीनंतर शिकलो नाही, पण मामाची मुलगी मैत्री खारघरला कॉलेजात सायकॉलॉजी शिकते. मागच्या वर्षी तिने झेरॉक्स नोट्सचा गठ्ठा रद्दीत टाकायला काढला. मी तो उचलला. आपल्याला दिसतं म्हणजे नेमकं काय होतं, जाणीव म्हणजे काय, मेंदूतल्या पेशी मोजल्या तर लाल रंग लाल का दिसतो ते कळतं का, असलं सगळं. अर्धं डोक्यावरून गेलं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी मोबाईलवर शोधत बसलो, आणि तेव्हापासून बसलोच आहे.

मैत्री म्हणते, "दादा, परीक्षा मला आहे, टेन्शन तू घेतोयस."

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी निघाली त्या आठवड्यात बुद्धपौर्णिमा होती. मामीने विहारात जायला मामाचा पांढरा शर्ट इस्त्री करून दारामागे टांगला होता. मामा त्याच्यासमोर उभा राहिला आणि एक डोळा हाताने झाकायचा, मग दुसरा, असं करायला लागला.

"नीळ जास्त टाकलीस काय गं?"

मामी आतून म्हणाली, "नीळ घरात आणून वर्ष झालं."

"निळा दिसायलाय."

"मग त्या डोळ्याने बघा."

"त्याने चहा सांडल्यावानी दिसायलाय."

मामा माझ्याकडे वळला. "रोहन, खरा पांढरा कंचा म्हणायचा?"

हा प्रश्न तंतोतंत नोट्समध्ये होता. मी इतका खूश झालो की माझं तोंडच उघडेना. तेवढ्यात मैत्री मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाली, "दोन्ही रंग मेंदूतच तयार होतात पप्पा."

"मेंदूत? मग शर्ट कुठंय?"

"शर्ट दारामागे."

"आन रंग मेंदूत."

"हो."

मामाने शर्ट काढून अंगात घातला. "बरं झालं इस्त्री तरी शर्टाला केली."

मी नंतर त्याला समजावलं. डोळ्यातलं भिंग वय झालं की पिवळं पडतं. हळूहळू पडतं, म्हणून कळत नाही. आता नवीन भिंग स्वच्छ आहे म्हणून निळं जास्त आत येतं. मामा लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे मी इतकी वर्षं पिवळ्या काचंतून ठिणगी बघितली?"

मी म्हटलं, "तसंच काहीसं."

तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

डॉक्टरने महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धूळ नको असं सांगितलं होतं. मामा घरी बसणाऱ्यातला नाही. पंधराव्या दिवशी यार्डात हजर. शेठने तोड काढली. मामाने लांब खुर्चीवर बसायचं, डोळ्याला गॉगल, मी ग्राइंडर चालवायचा, मामाने फक्त बघून सांगायचं. काट्यावर तेवढे दिवस दिपेश बसेल.

शेठ म्हणाला, "भगवान, तुझा डोला, या पोराचा हात. काम चालू."

काम चालू झालं आणि बिघडलं. मामाने एकतीस सांगितलेले दोन तुकडे तळोज्याच्या एका वर्कशॉपवाल्याने परत पाठवले. कानसीने मेणासारखं घासलं जातंय म्हणाला. तीन दिवसांनी अजून एक आला. मामाच्या हातून बावीस वर्षांत परत आलेले तुकडे शेठ बोटांवर सांगायचा, आणि इथे आठवड्यात तीन.

मामा घरी जेवताना म्हणाला, "सगळीच ठिणगी पांढरी दिसायलीय. पयले एकतीसची पांढरी दिसायची. आता एमएसची बी पांढरी."

"दुसऱ्या डोळ्याने बघा ना," मामी म्हणाली.

"त्याच्यात जाळं हाय. दिसत असतं तर डॉक्टरकडं गेलो असतो काय?"

मामीने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि माझ्याकडे बघितलं. तू एवढा वाचतोस, काढ काहीतरी, असं.

आणि मी काढलं. रात्रीत काढलं. सगळं जुळत होतं. बावीस वर्षं मामाचा मेंदू पिवळ्या भिंगातून ठिणग्या शिकला. भिंग बदललं, रंग सरकले, शिकलेलं फुकट गेलं. मग उपाय काय? पिवळं परत लावायचं. दुसऱ्या दिवशी सर्कलजवळ गॉगलवाला बसतो त्याच्याकडून पिवळ्या काचांचा चष्मा आणला, बाईकवाले घालतात तो. मामाने घातला, शर्टाकडे बघितलं आणि म्हणाला, "हां. चहा सांडला."

मला वाटलं, झालं काम. पुढे वाचायचीसुद्धा गरज नाही.

मी शेठला सांगायला गेलो. भिंग, रंग, मेंदू, सगळं. शेठ मूळ कळंबोली गावचा, त्याच्या बापाची भातशेती होती तिथेच आता यार्ड आहे. तो खुर्चीत पाय वर घेऊन ऐकत होता.

"मना यातला काय बी समजला नाय," तो म्हणाला. "पन तू लय विश्वासाने बोलतंस. सोमवारी दहा तुकडे ठेवतो. त्यानं बरोबर सांगले तर प्रश्न मिटला. नाय सांगले तर भगवान काट्यावर बसेल, पंख्याखाली, पगार तोच. ग्राइंडर तू शिक."

"मामाला काट्यावर नाही बसायचं शेठ."

"मना बी त्याला बसवायचा नाय र. पन माल परत येतंय."

सोमवारी दिपेशने कंपनीचा जात लिहिलेला कागद असलेल्या नवीन गजांमधून दहा तुकडे कापून आणले. वर नुसते नंबर, उत्तरं त्याच्या खिशात. मी ग्राइंडर घेतला. मामा खुर्चीवर, पिवळा चष्मा लावून. शेठ उभा.

मामा एकेक सांगत गेला. आवाज नेहमीसारखाच. "आठ. एकतीस. एकतीस. एमएस." सहाव्याला थांबला. "परत लाव." मी परत लावला. "आठ." परत म्हणाला, "नाय, एकतीस."

दहातले पाच बरोबर आले. तीनच जाती आहेत, डोळे मिटून ठोकलं असतं तरी तीन-चार आले असते.

दिपेशने कागद घडी करून परत खिशात ठेवला. मामाने चष्मा काढला, काचा शर्टाला पुसल्या आणि ग्राइंडर टांगायच्या खुंटीवर अडकवला.

"तुझा चष्मा इथं हाय," तो मला म्हणाला. रागाने नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मामा काट्याच्या केबिनमध्ये बसायला लागला. माझ्यापेक्षा सुंदर अक्षरात पावत्या फाडायचा. ड्रायव्हर लोक त्याला ओळखायचे, खिडकीतून विचारायचे, "काय भगवानराव, प्रमोशन?" तो हसायचा. घरी मामीला म्हणाला, "बसून खायचं वय झालं म्हण." मामी म्हणाली, "बसून कोण खातंय, पाठ तर सरळ ठेवा." तो खरंच वाकून बसला होता.

मला झोप येत नव्हती असं नाही, येत होती. पण दिवसभर एकच विचार. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. भिंग पिवळं पडतं हे खरं. रंग सरकतात हे खरं. चष्म्याने शर्ट पुन्हा पिवळट दिसला हेही खरं. मग पाचच का? इतकं नीट सगळं समजावणारं म्हणणं चुकू कसं शकतं, तेच मला समजत नव्हतं. नोट्स परत काढल्या. मैत्रीला विचारलं. ती म्हणाली, "दादा, तू पप्पांना एकदा तरी विचारलंस का ते कसं ओळखतात?"

"विचारलं की. ते म्हणतात ठिणगीचा रंग बघतो."

"मग ते म्हणतात ना. ते करतात काय ते बघितलंस का?"

मी म्हटलं, बघितलं की, दोन वर्षं रोज बघतोय. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी दोन वर्षं ठिणगीकडेच बघत होतो. मामाकडे नाही.

त्या शनिवारी डॉक्टरने मामाला तपासलं. डोळा छान भरला आहे, गॉगल घालून हळूहळू काम करा म्हणाले. मामाने ते यार्डात कोणाला सांगितलं नाही. कशाला सांगेल.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी तेच दहा तुकडे घेऊन कामाच्या बाकापाशी उभा होतो. उत्तरांचा कागद दिपेशने मला शिकायला देऊन टाकला होता. एकेक तुकडा वाइसच्या पकडीत अडकवायचा, ग्राइंडर लावायचा, ठिणगी बघायची, कागद बघायचा. मला तिन्ही सारख्याच दिसत होत्या. सणासुदीची फुलबाजी, बस.

मामा डबा खाऊन केबिनबाहेर हात धुवत होता. थोडा वेळ लांबून बघत राहिला. मग त्याला राहवलं नाही.

"अरं, दाबायलास किती? मुंडकं मुरगाळायचंय काय त्याचं?"

"मग किती दाबू?"

"दाबायचंच नाय. टेकवायचं. त्याचं तो खातो."

"म्हणजे किती?"

"आता कितीला काय सांगू," असं म्हणत तो आला, गॉगल डोळ्यावर ओढला आणि मागून माझ्या हातावर हात ठेवला. मी सातव्या नंबरचा तुकडा लावला होता. त्याने माझा हात हलका केला, ग्राइंडर जरासा तिरका केला.

तेवढ्यात गेटमधून एक ट्रेलर उलटा आत यायला लागला, थेट गजांच्या ढिगावर. मामाने मान वळवली आणि ओरडला, "ए, राइट काट, राइट!" ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही. मामा तिकडेच बघत होता, दुसऱ्या हाताने इशारे करत. ग्राइंडर चालूच. आणि तिकडे बघता बघताच, माझ्या कानाशी, सहज म्हणाला, "एकतीस हाय हे, सोड आता."

ट्रेलर थांबला. मी ग्राइंडर बंद केला आणि कागद बघितला. सात नंबर. ईएन-एकतीस.

"मामा, तुम्ही बघितलं का?"

"काय?"

"ठिणगी."

"बघितली की."

"तुम्ही ट्रेलर बघत होतात."

मामा माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतोय. "मग मला कसं कळलं? बघितलीच असंल."

मी म्हटलं, डोळे बांधून एकदा करू. तो म्हणाला, "वेडा हायस काय? चालू ग्राइंडर आन डोळे बांधू?" मी म्हटलं, हात माझा असेल, तुमचा हात नुसता वर. तुकडा वाइसमध्ये घट्ट आहे. एकदाच. त्याने इकडे तिकडे बघितलं, कोणी हसायला नाही ना. मग गळ्यातला गमछा गॉगलवरून स्वतःच बांधला.

दहातले आठ. चुकलेले दोन एमएस आणि ईएन-आठ यांच्यातलेच, एकतीस एकदाही चुकलं नाही. आणि प्रत्येक वेळी मला जाणवत होतं, सांगायच्या आधी त्याचा हात क्षणभर थांबायचा, जरासा सैल व्हायचा, पुन्हा टेकवायचा. जसं आपण अंधारात जिन्याची पायरी पायाने चाचपतो तसं. मऊ लोखंडात चाक चिकटल्यासारखं चालतं. कडकमध्ये घसरतं, आवाज वर चढतो. हे मला आत्ता लिहिताना सांगता येतंय, तेव्हा फक्त त्याचा हात कळत होता.

मग गमछा काढून केलं, ग्राइंडर पूर्ण त्याच्या हातात. दहाच्या दहा.

मी उड्या मारायच्या बाकी होतो. म्हटलं, "मामा, तुम्ही हाताने बघता. डोळा बिघडलाच नव्हता. आम्ही तुमच्या हातातून ग्राइंडर काढून घेतला, म्हणून सगळं गेलं. माझा दाब दरवेळी वेगळा, म्हणून ठिणगीपण दरवेळी वेगळी, तुम्हाला काय दिसणार त्यात?"

"हाताने कोण बघतं का? तुझं आपलं काहीतरी."

"आत्ता डोळे बांधून आठ सांगितले तुम्ही."

"आन उघडून दहा. मग डोळाच झाला की नाय?" तो गॉगल पुसत म्हणाला. "महिना झाला. डोळा बसला आता, एवढंच."

महिन्यात मेंदूला नव्या रंगांची सवय होते हेही मी वाचलं होतं. थोडं ते असेल. पण डोळे बांधून आठ, ते त्यात बसत नव्हतं. आणि मामा खोटं बोलत नव्हता. बावीस वर्षं त्याला जाणवत आली ती ठिणगीच. हात काय करतो ते त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नाही, हात आपला काम करून डोळ्याच्या नावावर जमा करत राहिला. मी मात्र त्याचं सांगणं म्हणजेच त्याचं करणं समजलो आणि वर एक चष्मा आणून ठेवला.

संध्याकाळी शेठ आला तेव्हा मी जाऊन म्हटलं, मामाची परीक्षा परत एकदा घ्या.

शेठ म्हणाला, "र पोरा, परत नवीन चष्मा आनलंस काय?"

"नाही शेठ. या वेळी ग्राइंडर मामाच्या हातात द्या, बाकी काही नाही."

"डॉक्टर?"

"हो म्हणालेत. शनिवारीच."

शेठने केबिनकडे बघितलं. मामा पावतीवर मान घालून बसला होता, पण पेन हलत नव्हतं. शेठने दिपेशला नवीन दहा तुकडे कापायला सांगितले, मला न दाखवता.

मामा बाकापाशी आला. ग्राइंडर उचलला, चाक बोटाने फिरवून बघितलं, वायर पायापासून बाजूला सारली. मग एकेक. चाकाचा आवाज चढायचा, उतरायचा. या वेळी मी ठिणग्यांकडे बघितलंच नाही. त्याच्या मनगटाकडे बघत होतो. टेकवणं, सैल सोडणं, टेकवणं. चौथ्या तुकड्याला थांबला, तुकडा वाइसमध्ये फिरवला, दुसऱ्या बाजूने लावला. "वरून कडक केलेलं दिसतंय. आतून आठ हाय."

दिपेशने कागद बघितला. "आठच आहे. बाकी पण बरोबर. सगळे."

शेठ बराच वेळ मान हलवत राहिला. "मंग इतकं दिवस काय झालं होतं र भगवान?"

"डोळा बसत नव्हता शेठ. बसला आता."

शेठने माझ्याकडे बघितलं. "आन तू काय बोलतंस? मेंदू, भिंग?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. हात, दाब, चाक, माणसाला स्वतःचं काम स्वतःला कसं दिसतं. मामा गॉगलच्या आडून माझ्याकडे बघत होता. त्याला तो डोळाच पाहिजे होता, आणि डोळ्यावरच डॉक्टरचा, मामीचा, त्याचा स्वतःचा महिना गेला होता. पण उद्या कोणीतरी परत त्याला खुर्चीवर बसवून नुसतं बघ म्हणालं तर?

"मला एवढंच कळलं शेठ," मी म्हटलं, "मामाला खुर्चीवर बसवून विचारायचं नाही. ग्राइंडर त्याच्याच हातात राहू द्यायचा. डोळा किती पण चांगला असू दे."

"मंग ते बावीस वर्षं तसंच होतं," शेठ म्हणाला. "ते सांगायला इतकं वाचाया लागतंय?" आणि तो दिपेशला घेऊन गेला.

मी काट्यावर परत आलो. केबिनमध्ये मामाने पेनं सरळ रांगेत लावून ठेवली होती. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तेव्हा महिनाभर शेठ जुना माल घेणार नाही, तसं ठरलं आहे.

आता रोज दुपारच्या सुट्टीत मामा मला शिकवतो. चष्मा अजून त्याच खुंटीवर आहे, धूळ बसून काचा पिवळ्या राहिल्यासुद्धा नाहीत. मामा मागे उभा राहतो, माझ्या हातावर हात ठेवतो आणि सारखं सांगत असतो, "रंग बघ, रोहन. ठिणगीचा रंग बघ, डोळा हलवू नको." आणि हे सांगत असताना त्याचा हात माझा हात जरा सैल करतो, जरा तिरका करतो, थांबतो, परत टेकवतो.

मी रंग बघत नाही. त्याला ते सांगत नाही.

"काय हाय?" तो विचारतो.

"आठ."

"नाय."

"एमएस?"

"घाई करू नको. परत लाव."